तीनशे कलमांचे सांधे

चार फेब्रुवारीला सकाळी आमच्या ओटीवर नऊ हजार रुपये बयाणा म्हणून आले. त्या वेळी चार माणसं हजर होती. मी, माझा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि तलासरी तालुक्यातल्या झरी गावचा एक शेतकरी. माल ठरला होता चिकूची तीनशे कलमं, पावसाच्या तोंडावर द्यायची. पैसे भावाने घेतले आणि न मोजता बायकोच्या हातात दिले. मोजले मी.

आमची डहाणूत वडिलांपासूनची चिकूची वाडी आहे. ती भाऊ सांभाळायचा. मी किनाऱ्यावरच्या धाकटी डहाणू गावात बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहितो; होड्यांना किती लाद्या गेल्या, कोणाचे पैसे आले, कोणाचे यायचे. वाडीतलं मला झाडांची संख्या आणि पेट्यांचा भाव यापलीकडे फारसं कळत नाही. घर एकच, चूलही एकच.

"आमच्या डोंगराला भात न् नागली माहीत," झरीवाला त्या दिवशी चहा पिता पिता म्हणाला. "तुझा समुद्रकाठचा चिकू तिथं लाजेल रे."

"लाजला तर परत घेऊन ये. मी समजावतो त्याला."

"आणि पैसे?"

"पैशाचं दादाला विचार. तो बर्फाचा हिशेब लिहितो. वितळलेला बर्फसुद्धा धरतो."

झरीवाला मोठ्याने हसला. भावजयही हसली. मी हसलो नाही. मी कारखान्यात लागल्यापासून हा विनोद प्रत्येक पाहुण्यापुढे होत आला होता.

चिकूचं कलम कसं बांधतात ते इथे सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रायणीचं, म्हणजे खिरणीचं, रोप पिशवीत वाढवतात. चिकूच्या जुन्या, चांगल्या झाडाभोवती बांबूचा माळा करून त्यावर त्या पिशव्या ठेवतात. मग रोपाची आणि चिकूच्या फांदीची थोडी थोडी साल तासून दोन्ही उघड्या जागा एकमेकींना लावायच्या आणि पट्टीने आवळून बांधायच्या. दोन-तीन महिन्यांत सांधा धरतो. मग चिकूची फांदी झाडापासून तोडायची. तोपर्यंत करायचं एकच काम, रोपाला पाणी घालायचं आणि सांध्याला हात लावायचा नाही. भाऊ म्हणायचा, कलम बांधायला हात लागतो आणि न उघडायला डोकं लागतं.

मार्चच्या सुरुवातीपर्यंत तीनशे कलमं बांधून झाली. त्यानंतर कळी पोखरणाऱ्या अळीसाठी त्याने वाडीत फवारणी केली.

फवारणीच्या दिवसाचे आमच्याकडच्या घरांत काही नियम असतात. माणूस घरात येत नाही, पंपावरच आंघोळ करतो. कपडे वेगळे धुतात. त्याला लिंबाचं सरबत देतात आणि जेवताना घरातलं कोणीतरी विचारतंच, डोकं जड वाटतं का, लाळ सुटते का, डोळ्यांपुढे अंधुक होतं का. शेजारच्या वाडीत एक गडी पंप पाठीवर असतानाच पडला होता. औषध लागलेला माणूस कसा दिसतो ते तेव्हापासून इथे सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशीही भावजयीने सगळं विचारलं, त्याने सगळ्याला नाही म्हटलं आणि नीट जेवला.

दुसऱ्या दिवशी त्याला कणकण आली. डोकं दुखत होतं. दुपारी ताट पुढे आल्यावर त्याने पहिला घास तोंडाशी नेला आणि खाली ठेवला.

"भाताला औषधाचा वास येतोय."

भावजयीने वास घेतला. मी घेतला. भाताला भाताचा वास होता. तरी तिने टोप राखेने घासला, तांदूळ नव्या पिशवीतले काढले आणि पुन्हा भात लावला.

"यालाही येतोय," तो म्हणाला. "तुम्हाला येत नाही? सगळ्या घराला येतोय."

तेव्हाच आम्ही ओळखलं, म्हणजे ओळखलं असं समजलो. संध्याकाळी त्याला उलटी झाली. मग पाण्याचा तांब्या घेऊन उठला आणि चपलांच्या फळीवर नीट ठेवून आला. भावजयीला त्याने दोनदा विचारलं की गडी आले का. दिवे लागले होते. गडी कुठून येणार?

गावातल्या दवाखान्यात आम्ही त्याला नेलं तेव्हा तो स्वतःच डॉक्टरांना म्हणाला, "औषध लागलंय मला." भावजयीने कोणतं औषध ते सांगितलं. बाटली तिने बरोबर आणली होती, तशी आणायची असते हेही आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तरुण डॉक्टरांनी ताप कधीपासून म्हणून विचारलं, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, थोडे घुटमळले. पण बाटली समोर होती, फवारणी आदल्या दिवसाची होती आणि रोगी स्वतः सांगत होता. त्यांनी विषावरचा उतारा सुरू केला.

त्या उताऱ्याने माणसाला ताप चढतो, तोंड कोरडं पडतं आणि तो बडबडतो. हे नर्सने आम्हाला आधीच बजावलं होतं. त्यामुळे ताप चढला तेव्हा आम्ही घाबरलो नाही. तो बडबडायला लागला तेव्हाही नाही. उलट औषध काम करतंय असं वाटलं. पाणी घालायला भावजय घरी गेली की तिचे फोन यायचे आणि मी सांगायचो, बडबडतोय, ठीक आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचं अंग ताठ झालं, डोळे फिरले आणि तोंडाला फेस आला. आकडी थांबली, पण तो शुद्धीवर आला नाही. डॉक्टर म्हणाले, गुजरातेत हलवा, आत्ता.

रुग्णवाहिका तलासरीवरून गेली. झरीकडचा फाटा दिसला तेव्हा भावजय म्हणाली, "कलमांना आज पाणी नाही घातलं." मग तिने सायवनला तिच्या माहेरी फोन केला आणि आपल्या भावाला वाडीत राहायला यायला सांगितलं. तो त्याच संध्याकाळी आला.

मोठ्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला, पाठीतलं पाणी काढून तपासायला पाठवलं आणि अहवाल येण्याआधीच सलाईनमधून नवीन औषध सुरू केलं. तिथले डॉक्टर गुजराती, वयस्क. मला मोटाभाई म्हणायचे. त्यांनी आजाराचं नाव घेतलं त्यात हर्पीस हा शब्द होता. मला तो शब्द भिंतीवरच्या गुप्तरोगाच्या जाहिरातींतून माहीत होता. मी खाली पाहिलं. भावजय शेजारीच उभी होती.

त्यांच्या ते लक्षात आलं. "अरे नाही, मोटाभाई. तसं काही नाही. थंडीतापात ओठाला बारीक फोड येतात ना?"

"ताप फुटतो म्हणतो आम्ही."

"तोच व्हायरस. तो मेंदूत गेला आहे."

"कुठून आला?"

"कुठूनच नाही. लहानपणी कधीतरी शिरला असेल. बहुतेक माणसांत असतो, नसेच्या मुळाशी झोपून राहतो. जन्मभर."

मग त्यांनी सांगितलं की कांजिण्यांचा विषाणू याच घराण्यातला आणि नागीण म्हणजे तोच कांजिण्यांचा विषाणू पुन्हा उठलेला. हे सगळे एकदा आले की जात नाहीत. मी मनात हिशेब मांडला. आईच्या कमरेवर नागीण उठली होती, तिने गेरू लावून महिना काढला होता. आम्हा दोघा भावांना कांजिण्या एकाच आठवड्यात आल्या होत्या. आणि ओठाचा फोड, तो तर मला दर थंडीत येतो. आठवडाभर दुखतो, खपली धरतो, जातो. त्याला मी कधी औषधसुद्धा लावलेलं नाही.

"मग यालाच का?"

"कोणालाच माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "फार थोड्यांना होतं. का, ते माहीत नाही."

भावजयीने तेव्हा विचारलं, "भाताला वास यायचा त्याचं काय? औषधाचा?"

ते लिहीत होते, ते थांबले. तिच्याकडून त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेन, तो वास भातात नव्हता. मेंदूच्या ज्या भागाला सूज आली आहे, वास कळण्याचं काम तिथलंच. हा आजार कधी कधी असाच सुरू होतो, नसलेल्या वासाने."

मी विचारलं, पहिल्या दिवशी हे इंजेक्शन मिळालं असतं तर? ते म्हणाले, बरं झालं असतं. किती, ते सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं, अंदाजे तरी. त्यांनी मान हलवली. आणि गावातल्या डॉक्टरांना बोल लावू नका, म्हणाले; फवारणी आणि बाटली समोर असती तर मीही कदाचित तेच केलं असतं.

हे ऐकून माझा उरलासुरला आधार गेला. कोणी चुकलं असतं तर त्याच्यावर राग धरून माणूस काही दिवस तरी काढतो. इथे सगळ्यांनी आपल्याला माहीत होतं तेच केलं होतं. ज्या एका गोष्टीची आम्हाला सगळ्यांत जास्त माहिती होती, तिच्याच आडून हे आलं.

तीन आठवडे इंजेक्शन चाललं. भाऊ वाचला. एप्रिलच्या मध्यावर घरी आला, चालत. शेजारीपाजारी पाहून गेले आणि म्हणाले, काही कळून येत नाही, पहिल्यासारखाच आहे.

तो आम्हाला सगळ्यांना ओळखत होता. लग्न, आईवडील, वाडीतलं कोणतं झाड कोणी लावलं, सगळं सांगत होता. फक्त नवीन काही राहत नव्हतं. चहा प्यायचा, कप खाली ठेवायचा, पाच मिनिटांनी म्हणायचा, आज चहा नाही का. दवाखाना त्याला आठवत नव्हता. "मी आजारी होतो?" तो विचारायचा, आम्ही सांगायचो, तो घाबरायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारायचा. पुढे आम्ही सांगणं सोडून दिलं.

मी घरात आलो की म्हणायचा, "आला दादा. वितळलेला धरून आला." रोज तोच विनोद, त्याच सुरात. घरात शिरण्याआधी मी चप्पल काढायला उगाच वेळ लावू लागलो.

माळ्यावरची कलमं मात्र उत्तम होती. भावजयीच्या भावाने इमानाने पाणी घातलं होतं, तीनशेची तीनशे हिरवी होती. भाऊ घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपणहून माळ्यावर चढला. भावजय खालून बघत होती. त्याने एका सैल पट्टीला हात घातला, ती सोडली, पुन्हा आवळली आणि गाठ मारली. ती गाठ अगदी पहिल्यासारखी होती.

"बघितलंत, दादा?" ती संध्याकाळी मला म्हणाली. आजारपणानंतर तिचा चेहरा पहिल्यांदाच मोकळा दिसत होता. "हात काही विसरलेला नाही. हातात काम आलं की डोकंही येईल हळूहळू. ही कलमं त्यानेच बांधली, त्यानेच तोडू दे. झरीवाल्याला त्यानेच देऊ दे."

डॉक्टरांनी मला वेगळं सांगितलं होतं. हाताची सवय मेंदूत दुसरीकडे राहते, ती शाबूत राहिली म्हणून बाकीचं परत येईल असं नाही. हे मी तिला सांगितलं नाही. ती रोज सकाळी त्याला डबा देऊन माळ्यावर पाठवत होती, आणि घरात कोणालाही त्यापेक्षा बरं काही सुचत नव्हतं. मीही आशा धरली. कलमं निघाली, नीट मोजून गाडीत चढली, तर त्याला माणसांत धरता येईल असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

मे महिना लागल्यावर फांद्यांची पानं मलूल व्हायला लागली. आधी वाटलं ऊन आहे. पाणी वाढवलं. मग वाटलं पाणी जास्त झालं. भावजयीने कीड पाहिली, कीड नव्हती. पट्ट्या तर कडक, ताज्या, एकही सैल नाही. रोज एखाददुसरं कलम वाळत होतं.

एका रविवारी मी चिकूखाली खाट टाकून पडलो. भाऊ माळ्यावर होता. त्याने एक पट्टी सोडली, सांधा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, बोटाने हलकेच दाबला आणि पुन्हा बांधला. काम इतकं सुबक की बघत राहावं. मग दुसरं कलम, मग तिसरं. असं सात-आठ झाल्यावर भावजयीने चहाला हाक मारली. तो उतरला, चहा प्यायला, पुन्हा चढला आणि पहिल्या कलमाची पट्टी सोडायला लागला.

"अरे, ते आत्ताच पाहिलंस," मी म्हणालो.

"कधी? छे. बांधल्यापासून हात नाही लावलेला. सांधा धरला का बघायला नको एकदा?"

भावजय कपबशा घेऊन तिथेच उभी होती. तिने ऐकलं. म्हणजे रोज हेच चाललं होतं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. प्रत्येक वेळी त्याच्या लेखी ते पहिल्यांदाच होतं. साल जिथे धरू पाहत होती तिथेच रोज उघडी पडत होती.

आम्ही उपाय केले. पाहिलेल्या कलमांना लाल फीत बांधली; ही कोणी बांधली म्हणत त्याने सोडून टाकली. मग मी त्याच्याच हाताने पाटी लिहून घेतली, "सांध्याला हात लावू नये", आणि माळ्याला टांगली. दुसऱ्या दिवशी तो पाटीखाली बसून पट्ट्या सोडत होता.

"वाचलीस का पाटी?"

"वाचली ना. गड्यांसाठी असेल. बरं केलं ज्याने कोणी लिहिली ती. फार हात लावतात."

वाडीचं फाटक बंद केलं तर तो फाटकाशी बसून राहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की घरच्यांनी मला बाहेर काढलं. एकदा भावजयीचा तोल गेला. ती त्याच्यावर ओरडली, तुझ्याच हाताने मारलीस सगळी, म्हणाली. तो रडायला लागला. पाच मिनिटांत काय झालं ते विसरला, पण रडू तसंच राहिलं. संध्याकाळपर्यंत डोळे पुसत होता आणि विचारत होता, "मला एवढं वाईट का वाटतंय गं?" त्यानंतर तिने फाटक उघडं ठेवलं.

"किती जगतील?" तिने मला विचारलं. मी खरा आकडा सांगितला. ती म्हणाली, मग आता करू दे त्याला जे करतोय ते.

जूनच्या सुरुवातीला झरीवाला आला. तीच ओटी, तीच चार माणसं. मी त्याला आधी फोनवर सगळं सांगितलं होतं, तरी तो येताना भावासाठी आंबे घेऊन आला. तीनशेपैकी एकोणीस कलमं जगली होती. ती घेऊन जा, म्हणालो, पैसे नकोत.

"एकोणीस नेऊन काय करू, दादा? खड्डे तीनशे खणलेत."

"खड्ड्यांच्या खर्चाचं सांगा."

"बुजवीन. माती कुठं गेली नाही."

मी नऊ हजार त्याच्या हातात दिले. त्याने मोजले आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवले. इतका वेळ भाऊ शांत बसून त्याच्याकडे पाहत होता. एकदम त्याचा चेहरा उजळला.

"कलमं पाहिजेत ना तुला? तीनशे?"

झरीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो. पाहिजेत तर."

"पावसाच्या तोंडावर देतो. बयाणा ठेव. पैशाचं दादाला विचार, तो बर्फाचा हिशेब लिहितो. वितळलेला बर्फसुद्धा धरतो."

झरीवाला या वेळी हसला नाही. त्याने त्याच खिशातून शंभराची एक नोट काढली आणि भावाच्या हातावर ठेवली. भावाने ती न पाहता बायकोला दिली. "बयाण्याचे आहेत. वेगळे ठेव," म्हणाला. तिने ती नोट देव्हाऱ्यात ठेवली.

तिथे ती चार दिवस होती. येताजाता माझी नजर तिच्यावर जायची. पाचव्या दिवशी मी भावजयीकडे ती मागितली.

"राहू दे ना, दादा. शंभरच आहेत. त्यांनी प्रेमाने दिलेत."

"प्रेमाने दिलेत, पण बयाणा म्हणून दिलेत. कलमं देणार आहोत का आपण?"

ती बराच वेळ देव्हाऱ्यापुढे उभी राहिली. मला वाटलं, ती हो म्हणेल. ती हो म्हणाली असती तर मीही नोट तिथेच राहू दिली असती. तिने नोट उचलली, पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली. भाऊ ओसरीवर बसून चहाची वाट पाहत होता. चहा नुकताच झाला होता.

मी झरीला गेलो. तो शेतकरी माळावर खड्डे बुजवत होता. कुदळ न ठेवताच त्याने नोट घेतली. आधी नऊ हजार आणि मग शंभर, दोन्ही रकमा त्यालाच परत गेल्या.